कुओ भावांचा फोटो

छू येनशान चौदा हिवाळे आमच्या गावात येत होता. शिआनहून बसने यायचा, गळ्यात दोन कॅमेरे, आणि मुक्काम आमच्याकडे. मी त्याची मानलेली वहिनी झाले ती तेव्हापासून.

त्याने कधी कुणाला नीट उभं केलं नाही. अख्खं गाव टिपलं ते शिंकताना, नाहीतर डुकरामागे धावताना. हे फोटो म्हणे शहरात मोठमोठ्या भिंतींवर लागत.

"भावजी, तोंडं आमची, आणि बघायची परक्यांनी?" मी पेज वाढताना सुनावलं.

तो ओशाळला. पुढच्या हिवाळ्यात पेटी भरून फोटो आणले. खळ्यावर दोरी बांधून सगळे लटकवले. "ज्याचा त्याने घेऊन जा," म्हणाला.

दुपारपर्यंत एकच उरला. त्याच्या पहिल्या हिवाळ्यातला: पेंढ्याच्या गंजीवर दोघे झोपलेले, तोंडांवर टोप्या. कुओ भाऊ! बांधावरच्या एका बोरीवरून दोघांचा अकरा वर्षं अबोला होता.

थोरल्याने हात पुढे केला. त्याच क्षणी धाकट्यानेही.

"माझा आहे," थोरला फोटोलाच म्हणाला.

"तोंड कुठं दिसतंय? कशावरून?"

"घोरतोय तो तू. पोट बघ की!"

"पोट तुझं. बूट माझे."

"बूट माझेच! आईने मला शिवले होते. तू पळवलेस."

धाकटा खाली बघत म्हणाला, "मोठे व्हायचे मला."

"मग घातलेस कशाला?"

"तुझे होते म्हणून."

तेवढ्यात आमचा भावजी पुढे सरसावला. "भांडू नका हो, मी दुसरी प्रत..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"प्रत नाही," मी जाहीर केलं. "एवढा एकच आहे."

शेवटी फोटो थोरल्याने उचलला. "अरे सरळ धर, दुमडेल!" करत धाकटा मागोमाग निघाला, आणि तसाच थोरल्याच्या घरात शिरला.

मी वळून बघते तर भावजी कॅमेरा उघडून रडवेल्या तोंडाने उभा. रोल संपला होता!

"वहिनी, त्यांना पुन्हा एकदा दारातून आत जायला सांगाल?"

"आणा तो कॅमेरा इकडे," मी म्हटलं. "आणि जा, बसा त्यांच्यात."

गेला बिचारा. दिवेलागणीला दोघा भावांनी त्याला हाताला धरून आणून पोचवला. त्यांची दारू एवढी चढली होती, की चौदा वर्षं येऊनही त्याला आमचं दार सापडेना.