बर्फ वितळला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी लसपेटी आहे. निळ्या रंगाची, जाड भिंतींची, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची. माझ्या पोटात चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध लसीच्या बाटल्या. बाहेर कितीही ऊन असो, आतला गारवा टिकवायचा, हेच माझे काम.

मी नवी कोरी आले ती थेट एका नर्सबाईंच्या खांद्यावर. सगळे त्यांना नुसते ताई म्हणत. अकरा वर्षे आम्ही दोघींनी गल्ल्या तुडवल्या. मला पाहताच मुले भोकाड पसरत. आया मात्र माझ्यासाठी सावलीतली जागा झाडून देत. "पेटी आधी आत घ्या, तुम्ही मागून या," असे एक आजी म्हणायच्या, तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

ओढ्याकाठी एक वस्ती होती. वरच्या अंगाला कापडाचा कारखाना होता. तिथे कापडाला असा लेप देत, की त्यावर पाण्याचा थेंब ठरत नसे. वस्तीतला एक माणूस त्या लेपाच्या हौदावर कामाला होता. त्याच्या मुलीचे नाव टकळी पडले होते, कारण तिची बडबड थांबतच नसे. सुई टोचतानाही ती म्हणाली, "ताई, पेटीला थंडी वाजत नाही का हो?" तिची एकही लस चुकली नव्हती.

वयाच्या सहाव्या वर्षी टकळीचा घसा धरला. मान सुजली, घशात करडा पापुद्रा आला. घटसर्प! शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हते. चौथ्या दिवशी ती गेली.

तिचा बाप दवाखान्यात आला. "सगळ्या लसी दिल्या होत्या ना? मग माझी पोर गेली कशी?" त्याने मला लाथ घातली. माझ्या झाकणाला तडा गेला. लोक म्हणाले, बर्फ वितळला असणार, बाईंनी पेटी उन्हात ठेवली असणार. ताईंचे काम काढून घेतले.

"बर्फ वितळला नव्हता," ताई म्हणत राहिल्या. कोणी ऐकेना. मलाही सांगता येईना.

पण टकळीला शेवटची लस दिली त्याच दिवशी, त्याच बाटलीतली लस ताईंनी टेकडीवरच्या दुसऱ्या वस्तीतल्या मुलांनाही दिली होती. ताई दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मागे लागल्या आणि दोन्हीकडच्या मुलांचे रक्त तपासायला लावले. टेकडीवरच्या मुलांच्या रक्तात लसीचे संरक्षण चांगले होते. ओढ्याकाठच्या बहुतेकांच्या रक्तात अगदी तुटपुंजे. असे का, म्हणून डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या, तेव्हा त्या मुलांच्या रक्तात आणि वस्तीच्या बोअरच्या पाण्यात कारखान्यातल्या लेपाची रसायने सापडली.

डॉक्टरांनी टकळीच्या बापाला बोलावले. "लस शरीराला लढायला शिकवते. अशी रसायनं अंगात साठली, की ते शिकणं कच्चं राहू शकतं. तुमच्या मुलीचं तेच झालं, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण ते पाणी आजच बंद करा. बाकीच्या मुलांना पुन्हा लस देऊ."

बापाने स्वतःच्या हातांकडे पाहिले. "हौद मीच धुतो, डॉक्टर. धुतलेलं पाणी ओढ्यातच सोडतो."

ताईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्याने तो हळूच मागे सारला.

पुढे त्याने चौकशीत सगळे सांगितले आणि त्याची नोकरी गेली. कारखाना अजून म्हणतो, आमचा काही संबंध नाही. बोअर बंद झाली, टँकर येतो. ताई पुन्हा कामावर आल्या, पण त्यांच्या खांद्यावर आता नवी पेटी असते. तडा गेलेल्या झाकणातून माझा गारवा निसटतो, म्हणून मी कोठीत पडून आहे.

ओढ्याकाठच्या मुलांच्या अंगातून ती रसायने जायला कित्येक वर्षे लागतील, असे डॉक्टर म्हणतात. मित्रांनो, लस कधी चुकवू नका. आणि तुमच्या पेल्यात पाणी ओतणाऱ्या मोठ्या माणसांना विचारा, हे कुठून आणलंत? ते 'गप्प बस' म्हणाले, तरी विचारा.