समोरची भिंत

सोपानरावांनी उंबरा ओलांडायला उजवा पाय उचलला, पण ओलांडायला मध्ये काही नव्हतंच. पाय धाडकन फरशीवर आला, गुडघ्यातून कळ गेली आणि ते दारातच डगमगले. मागून थोरल्या बहिणीनं, आक्काबाईंनी, दंड धरला म्हणून बरं, नाहीतर वास्तुशांतीच्या दिवशी घराला साष्टांग नमस्कारच घडला असता.

"आबा, सावकाश!" आतून त्यांचा मुलगा आदिनाथ म्हणाला. "उंबरे सगळे काढून टाकलेत. तुम्ही ठेचकाळू नये म्हणून."

"बेस केलंस," सोपानराव म्हणाले आणि आवाजाच्या दिशेनं हसले.

बेस कसलं! लोणावळ्याच्या जुन्या गावठाणातलं, चारी बाजूंनी सुटं असलेलं हे घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. रक्तातल्या साखरेनं सोपानरावांचे डोळे हळूहळू खाल्ले होते. गेल्या दिवाळीपासून तर दिवस आहे की रात्र, एवढाच फरक कळायचा. पण या कानाचं त्या कानाला त्यांनी कळू दिलं नव्हतं. कसं कळणार? उंबरा लागला की माजघर, खांब लागला की डावीकडे मोरी, खडबडीत फरशी संपून पायाला गार कोबा लागला की स्वयंपाकघर. घरच त्यांना हाताला धरून फिरवायचं. सकाळी चष्मा पुसायचा, पेपर तोंडासमोर धरायचा आणि रेडिओवर ऐकलेल्या बातम्या शेजाऱ्यांना मोठ्यानं सांगायच्या. रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस असली नाटकं करील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

नाटकाला कारण होतं. बायको, सविता, गेली तेव्हा आदिनाथनं स्पष्ट सांगितलं होतं, "तुमचं तुम्हाला निभतंय तोवर राहा इथं. नाही निभलं, तर हिंजवडीला माझ्याकडे यायचं. मग मात्र हट्ट चालणार नाही." हिंजवडीला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. ओळखीचं माणूस नाही, कुणाची हाक नाही. तिथं जायचं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसायचं, असं त्यांना वाटे.

आणि मग याच पोरानं, म्हातारा बाप एकटा राहतो, पडायबिडायला नको, म्हणून घराचं काम काढलं. बापाला औंढ्याला आक्काबाईंच्या घरी पाठवलं. मधल्या भिंती पाडल्या, खांब काढला, सगळीकडे एकसारखी गुळगुळीत फरशी घातली. मायेनं केलं, म्हणून तर तोंड उघडता येईना. डोळे गेल्याचं आक्काबाईंना तेवढं कळलं होतं, कारण औंढ्याच्या घरात पहिल्याच दिवशी ते भरल्या हंड्यावर जाऊन आदळले होते.

"सोपाना, सांगून टाक रं पोराला," त्या आताही कानाशी पुटपुटल्या.

"आन् मग? बसू चौदाव्या माळ्यावर? आक्का, येवढा आजचा दिस काढून दे. चार दिसांत सगळं घर पाठ करतो."

आक्काबाईंनी सुस्कारा सोडला. "सवितेच्या फोटूला हार तुलाच घालाया लावतील. समोरच्या भिंतीला लावलाय. मी संगं हाय, घाबरू नगं."

पूजा झाली. होमाच्या धुरानं घरातले होते नव्हते ते सगळे वास पुसून टाकले. पाहुण्यांचे आवाज उघड्या भिंतींवर आपटून भलतीकडूनच ऐकू येत होते. सोपानराव पाटावर ताठ बसून राहिले, आक्काबाईंच्या पदराला हात लागेल इतपत जवळ. तेवढ्यात सून समीक्षा आली.

"आत्याबाई, पुरण बघता का जरा? मला अंदाजच येत नाहीये."

पदर हातातून गेला. आणि नेमकं तेव्हाच गुरुजी म्हणाले, "चला, वहिनींना हार घाला, म्हणजे पानं वाढायला हरकत नाही."

"आबा, तुम्ही घाला." आदिनाथनं हार त्यांच्या हातात दिला.

सगळे बघत असणार. आता थांबलं तर संपलं. सोपानराव उठले, चष्मा सारखा केला आणि सरळ चालत गेले. चाल मात्र ऐटीत! हात पुढे केला, बोटांना काच लागली. गार, गुळगुळीत. कोपरा शोधायला हात सरकवला, तर कोपरा येईचना. बाप रे, केवढा हा फोटो! पोरानं मोठा करून घेतला आईचा. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर त्यांनी हार नीट अडकवला आणि हात जोडले.

"केवढी मोठी केलीस रे तुझ्या आईला," ते म्हणाले. "अगदी तशीच दिसती. हसतीय बघ कशी."

गुरुजींचं पुटपुटणं थांबलं. स्वयंपाकघराच्या बाजूनं आक्काबाईंचा आवाज आला, "अरं माज्या देवा."

सोपानरावांनी काचेवरून पुन्हा एकदा हात फिरवला. खालच्या कडेला बोटांना वायर लागली. फोटोला वायर कशाला असेल?

टीव्ही.

आदिनाथ जवळ आला. त्यानं हार काढून घेतला, वडिलांचा हात धरला आणि भिंतीवरून उजवीकडे नेला. तिथं ती होती. तीच जुनी वीतभर चौकट, एका कोपऱ्यात टवका उडालेली. दोघांनी मिळून हार घातला.

"कधीपासून, आबा?"

"गेल्या दिवाळीपासनं."

"मी तुमच्यासाठी केलं होतं हो हे सगळं."

"ठाव हाय मला. लय चांगलं केलंस."

पंगत बसली, पुरणपोळी चांगली झाल्याचं ज्यानं त्यानं सांगितलं. हाराचा विषय कुणी काढला नाही. पाहुणे पांगले तसं आदिनाथनं औंढ्याहून आलेली बॅग उचलली. ती अजून उघडलेलीच नव्हती. बाहेर गाडीची डिकी उघडल्याचा आवाज झाला आणि मग बंद झाल्याचा. आक्काबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या. ते तेवढं ऐकू येत होतं.

समीक्षानं सासऱ्यांचा हात हातात घेतला. "चला आबा. काही राहिलं नाही ना?"

सोपानरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं दोन्ही काचा नीट पुसल्या आणि तिच्या हातावर ठेवला.

"ह्यो ठेव हितंच, तिच्या फोटूपाशी," ते म्हणाले. "तितं कुणाला दाखवायचाय?"