डाव्या खांद्यावरची पाकळी

काशी पोफळीहून माहेरी आली आहे हे कळलं असतं, तर हौसा त्या दिवशी गुरवाच्या घराची पायरी चढलीच नसती. सत्त्याऐंशी सालचा वैशाख होता. तिला भेटायचं होतं काशीच्या भावाला, रामा गुरवाला, तेही कुणाच्या नकळत. पण ओट्यावर काशीच बसली होती, चष्मा लावून कोकमासाठी रातांबे फोडत.

"अगो हौसा! म्हातारी झालीस की गो!"

"आणि तू काय अजून सोळाची?"

झालं. पंचवीस वर्षांचा दुरावा पायरीवरच गळून पडला. लग्न होऊन काशी पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत गेली ती गेलीच. माहेरपणाला आली, तरी हौसाच्या दाराशी कधी थांबली नाही. कॉलनीची हवा लागली बाईला, असं हौसाने परस्पर ठरवून टाकलं होतं. आता मात्र रातांबे फोडता फोडता दोघींनी सगळं लहानपण उकरून काढलं. पऱ्याच्या वाहत्या पाण्यावर धुणं टाकून करवंदांच्या जाळीत शिरलेल्या दुपारी, एकीचा परकर फाटला म्हणून दुसरीने मुद्दाम फाडून घेतलेला आपला, आणि मग दोघींनी खाल्लेला मार. हौसा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

मग तिने कामाचं काढलं. तिच्या मुलीला, नंदाला, लोटे गावच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नंदाच्या मनात भरलेला. उद्या देवीला कौल लावायचा होता. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर स्थळ मोडलं. त्यापुढे बोलायची गावात कुणाची प्राज्ञा नाही.

"रामाला सांग," हौसा हळूच म्हणाली, "डावी जरा हलकी चिकटव. पोर गेली तर मी काय भिंतींशी बोलू? गावातलंच बघीन तिला कोण तरी."

काशीने हातातला रातांबा खाली ठेवला.

"तुजी आयस पण हेच सांगायला आली व्हती. ह्याच ओट्यावर, माज्या बाबांना."

हौसाला आधी काही समजलंच नाही.

"गुहागरच्या भिकाजीचं स्थळ आठवतंय? तवा बाबांनी डावी हलकी लावलीन. मी आतून ऐकलं. बाबांनी शपथ घातलीन, म्हणून बोलले नाय. मग तुज्या दाराशी कुठल्या तोंडाने येणार व्हत्ये?"

भिकाजी. बघायला आला आणि लाजून चहा स्वतःच्याच धोतरावर सांडून बसला. हौसाला तो तेवढ्यावरच आवडला होता. कौल डावा पडला आणि तिला खालच्या वाडीत दिली, आईच्या हाकेच्या अंतरावर. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षातून पंधरा दिवस घरी. त्या आईला हौसाने शेवटची दोन वर्षं हाताने भरवलं होतं. प्रत्येक घासाला आई रडायची. हौसा समजायची, म्हातारपण.

तिला आईचा भयंकर राग आला. पण ही पायरी आई कशी चढली असेल, हेही तिला नेमकं कळलं, कारण आत्ता ती स्वतः तशीच चढली होती.

"रामाला काय सांगू नको," ती म्हणाली.

काशीने रातांबा पुन्हा हातात घेतला. दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांसमोर रामाने दोन्ही पाकळ्या सारख्याच दाबून लावल्या. हौसाने मनापासून उजवी मागितली. बराच वेळ गेला आणि पाकळी पडली. डावी.

नंदाने मान खाली घातली. मानकरी उठू लागले.

"थांबा," हौसा म्हणाली. "हे लगीन नको, असं काल माज्याच मनात व्हतं. देवीने तेवढंच ऐकलंन. लगीन व्हणार."

"कौल मोडतंस?" म्हातारा सखाराम मानकरी ओरडला.

"व्हय. कोप झाला तर माज्यावर होऊ दे."

तिने नंदाचा हात धरला आणि तिला देवळाबाहेर आणलं. पायरीवर नंदा तिच्या गळ्यात पडली.

"आये, तू एकटी कशी ऱ्हाशील?"

"रडत ऱ्हाईन," हौसा खरं तेच म्हणाली. "तू जा."