कुलूपवाल्या बाई

"तुमच्या विभागात इतक्या वर्षांत काही घडलंच नाही, बाई," मॅनेजर म्हणाले. "मग वर दाखवायचं काय?"

सुरक्षा अधिकारी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, काही घडू दिलं नाही, हेच तर त्यांचं काम! पण सांगणार कुणाला? पुढच्या वर्षांसाठी कुणाला कुठे बसवायचं, याचा आराखडा आधीच ठरला होता. सुरक्षा विभागाचं प्रमुखपद उत्पादनातल्या गोडबोल्याला मिळालं होतं. त्याला हेल्मेटचा पट्टा बांधायला बाईंनीच शिकवलं होतं. बाईंना बढती हवी असेल तर त्यांनी उत्पादनात यावं, सुरक्षेत त्यांच्यासाठी वरची पायरीच नाही, असं मॅनेजरांनी चहा पाजून सांगितलं. म्हणजे आग विझवत मरायचं बाईंनी, आणि हार गोडबोल्याच्या गळ्यात. वा रे न्याय!

धुमसतच त्या खाली कारखान्यात आल्या, तर गोडबोल्या मोठ्या मिक्सरपाशी येरझाऱ्या घालत होता. पाती साफ करायला फिटर आत उतरणार म्हणून बाईंनी सकाळी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घातलं होतं. त्यांचा शिरस्ताच तो. किल्ली बाईंच्या गळ्यात, आणि आत गेलेला माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय कुलूप निघायचं नाही. म्हणून तर लोक त्यांना कुलूपवाल्या बाई म्हणून चिडवत.

फिटर केव्हाच चहाला गेला, मी स्वतः जाताना पाहिला, माल खोळंबलाय, कुलूप काढा, असं गोडबोल्यानं फर्मावलं. आता प्रमुख आपण आहोत, हेही ऐकवलं. बाईंनी हाताची घडी घातली. फिटरचं तोंड दिसल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी किल्ली मिळायची नाही, म्हणाल्या. गोडबोल्याचा आवाज चढला, बाईंचा त्याहून चढला.

तेवढ्यात मिक्सरच्या झाकणातून फिटरचं डोकं वर आलं.

"पाना आत राहिला होता, तो घ्यायला परत उतरलो," तो वैतागून म्हणाला. "एवढं भांडताय कशाला?"

गोडबोल्या पांढराफटक पडला. फिटर उतरून नळाकडे गेला, तसा गोडबोल्या बाईंच्या जवळ सरकला.

"बाई, हे वर कळवू नका."

"काय कळवू रे?" बाईंचा आवाज संतापानं कापत होता. "काही घडलंच नाही."

त्यांनी किल्ली फिरवून कुलूप काढलं. पलीकडे फिटर साबण लावून दोन्ही हात सावकाश धूत होता.