द्वारकावहिनींचं कुंकू

शामराव ब्याण्णव वर्षांचे आहेत, आणि आपण मेल्याची बातमी त्यांनी स्वतः पेपरात वाचली.

बातमी तशी चित्राची होती. परदेशात अडकून पडलेलं ‘भाकरीवाली’ हे जगप्रसिद्ध चित्र अखेर मायदेशी आलं, लोअर परळच्या एका टॉवरमधल्या नव्या कलादालनात लागणार, मंत्री पडदा उघडणार, वगैरे. खाली फोटो. फोटोत द्वारकावहिनी, म्हणजे शामरावांची बायको, कोपरापर्यंत पिठात हात घालून बसलेल्या. डोक्यावरून पदर, कपाळ कोरं. आणि खाली चित्राचं नवं नाव छापलेलं : परळची विधवा.

शामरावांनी जी हाक मारली तिने आमच्या चिंचपोकळीच्या चाळीवरची कबुतरं उडाली, ती अजून शिवडीलाच आहेत.

“अंबिके, मी कधी मेलंय गो?”

अंबिका त्यांची मुलगी. तिने पेपर पाहिला, दोनदा पाहिला आणि घडी घालून पिशवीत टाकला. ती ओरडली नाही. तिचा राग आईच्या वळणावर गेलाय, तो आधी चूल बंद करतो.

द्वारकावहिनी बारा वर्षांपूर्वी गेल्या, त्याही हिरवा चुडा भरून, मळवट भरून. मी खांदा दिलाय. आणि चित्रात कुंकू होतं, हेही मला माहीत आहे, कारण ते लागलं तेव्हा मी तिथेच भाकरी खात बसलो होतो.

हेमचंद्र पेंटर तेव्हा आमच्या जिन्याखाली राहायचा. सिनेमाचे बॅनर रंगवायचा. त्याच्या बॅनरवरच्या नटीने डोळा मारला की लालबागला ट्राम थांबायची. जेवायला वहिनींच्या खानावळीत. एकदा त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने वहिनींचं चित्र काढलं. महिनाभर काढत होता. पुरं झाल्यावर वहिनी पीठ झटकून बघायला आल्या.

“मेल्या, माझा कपाळ कोरा? माझो घोव गिरणीत गेलो आसा, वर नाय गेलो.”

“वहिनी, लाल रंगाने चित्राचा तोल जाईल.”

“मग धरून बस.”

असं म्हणून त्यांनी करंड्यातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि ओल्या रंगावर दाबलं. रेषांसकट उमटलं. हेमचंद्र दोन दिवस चहा प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आता हे माझं चित्र राहिलं नाही, पण आता ते चित्र झालं. पुढे कुणी तरी प्रदर्शनाला म्हणून परदेशी नेलं ते नेलंच. परत येईल या आशेतच हेमचंद्र वारला.

तर उद्घाटनाला आम्हीही होतो. ‘चित्रकाराच्या वस्तीतले जुने रहिवासी’ म्हणून फोटोपुरतं बोलावलं होतं. व्हीलचेअरवर शामराव, ढकलणारी अंबिका, मी आणि चाळीतले दोघं. एकूण पाच. इतर ठिकाणी सांगताना मी पाचशे सांगतो, कारण राग तेवढा होता. टॉवर गिरणी पाडून उभा केलेला; जिथे शामरावांचे माग खडखडायचे तिथे आता असा गारवा की मिशीवर दव पडलं. भिंतीवर वहिनी, वर अर्धा ओढलेला मखमली पडदा.

दालनाच्या प्रमुख इरावतीबाई हसत पुढे आल्या. “काका, आपण चित्रकारांना ओळखत होतात?”

“मी हिचो घोव,” शामरावांनी भिंतीकडे बोट केलं. “जितो आसंय.”

बाईंचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“कुंकू कुणी पुसलं?” अंबिकाने विचारलं.

“अहो, पुसलं असं नाही. तिकडे चित्र स्वच्छ करताना लक्षात आलं, की कपाळावरचा लाल डाग हा रंग नव्हता. हळदीचं काहीसं होतं. म्हणजे चित्रकाराच्या हातचं नव्हतं. अशी परकी भर काढून टाकायची पद्धत आहे.”

“परकी,” अंबिका म्हणाली. “माझी आई परकी.”

“आणि मग अभ्यासकांनी कोऱ्या कपाळावरून नाव...”

“पुसण्याआधी माका एक कार्ड टाकूचा होता,” शामराव म्हणाले. “मी कळवलं असतं.”

“बाबा, तुम्ही जिवंत आहात ते सगळ्यांना दिसतंय. गप्प बसा जरा. ते कुंकू तुमच्यासाठी नव्हतं.” अंबिका बाईंकडे वळली. “त्या चित्रात पीठ हेमचंद्रकाकांचं, परात त्यांची, पदर त्यांचा. आईचं स्वतःचं तेवढं एक बोट होतं.”

“मला तुमच्या भावना समजतात. आपण नाव बदलू. शेजारी छान पाटी लावू.”

“पाटी काय कपाळार लावतलास?” शामराव.

“पुसलेलं कुठाय?” अंबिका.

बाईंना एकदम हुरूप आला. “ते सुरक्षित आहे. तिकडे प्रयोगशाळेत, काचेच्या कुपीत, नंबर घालून. ते लोक काही म्हणजे काही टाकत नाहीत.”

“म्हणजे हेमचंद्रकाकांचं होतं ते आणलंत. आईचं होतं ते त्यांनी ठेवून घेतलं आणि तुम्ही सह्या करून आलात.”

“करार चित्रापुरता होता हो.”

खाली सायरन वाजला. मंत्री आले होते. अंबिकाने दोरी धरली आणि पडदा पूर्ण ओढून घेतला. शामरावांची खुर्ची वळवून पडद्यासमोर, पाठ चित्राला, तोंड दाराकडे अशी लावली आणि ब्रेक दाबला. आम्ही बाकीचे खाली बसलो. माझे गुडघे वाजले ते, माझ्या मते, भायखळ्यापर्यंत ऐकू गेले.

“कुपी येईपर्यंत पडदा उघडायचा नाही,” अंबिका म्हणाली.

“काका, तुम्ही तरी सांगा हिला. असे किती दिवस बसणार?”

शामरावांनी वर झुंबराकडे पाहिलं, जिथे पूर्वी मागांचे पट्टे फिरायचे. “बाई, आमचो ब्याऐंशीचो संप अजून कोणी मागे घेतलेलो नाय. हो त्यातच धरा.”

दारात हार घेऊन माणसं थबकली. इरावतीबाईंनी घाईने फोन काढून तिकडे लावला. रिंग वाजत राहिली.

“तिकडे अजून उजाडलं नसेल,” त्या म्हणाल्या.

“लावत राहा,” अंबिका म्हणाली.