शेवटची अंघोळ घालणारे हात

मी एक जुनी लाकडी फळी आहे. माणूसभर लांब, चार पायांची, डोक्याकडे जराशी उंच आणि पायांकडे उतरती. मशिदीच्या मागे बायकांसाठी एक खोली आहे, तिथे माझं सगळं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझ्यावर कोणी बसत नाही की जेवत नाही. माणूस हे जग सोडून गेला की दफन करण्याआधी त्याला शेवटची अंघोळ घालतात. तिला गुसल म्हणतात. या मोहल्ल्यातल्या बायकांना ती माझ्यावर घालत. पण भिऊ नका. माझ्यासारखी शांत जागा शोधून सापडायची नाही.

मला एका सुताराने घडवलं. त्याची आई गेली तेव्हा तिला एका मोडक्या दारावर निजवून अंघोळ घालावी लागली होती. ते त्याच्या मनाला फार लागलं. म्हणून त्याने मला करायला घेतलं. रंधा मारून झाला की तो माझ्यावरून उलटा हात फिरवून पाही आणि पुन्हा रंधा उचली.

त्याची बायको म्हणाली, "अहो, पुरे की आता. गेलेल्या माणसाला कुठे कुसळ टोचणार आहे?"

"त्याला नाही टोचणार," सुतार म्हणाला, "मला टोचेल."

मग मी फुफीच्या हाती आले. फुफी म्हणजे आत्या. ती काही सगळ्यांची सख्खी आत्या नव्हती, पण लहानथोर सगळे तिला फुफीच म्हणत. नवऱ्याची बेकरी त्याच्यामागे तिनेच चालवली. पीठ मळून मळून मनगटं अशी झाली होती की कितीही जड बाई ती एकटीने कुशीवर वळवायची. आणि तेच हात गेलेल्या बाईच्या अंगावर फिरू लागले की कापसासारखे मऊ व्हायचे. अंगावरची चादर ती कधी हलू द्यायची नाही. आधी वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतात तसं. मग डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. शेवटच्या पाण्यात थोडा कापूर. खोलीत जे दिसलं ते खोलीतच राहायचं. बाहेर येऊन फुफी कधी कोणाच्या अंगावरच्या खुणेबद्दल चकार शब्द बोलली नाही.

लोक तिला दुवा देत. माझंही कौतुक करत. "काय गुळगुळीत फळी आहे!" असं म्हणत, पण लांबूनच.

फुफीला एकच घोर होता. आपल्यामागे हे कोण करणार? मदतीला येणाऱ्या बायका पाणी ओतायच्या, पण तोंड फिरवून. ती पुन्हा पुन्हा सांगायची, "अगं, बघा तरी! शिकून घ्या."

"तुम्ही आहात ना, फुफी," त्या म्हणायच्या.

"मी आहे म्हणूनच म्हणते. नसेन तेव्हा कोणाला विचाराल? भट्टीला?"

एकदा इमामसाहेबांनी खुतब्यात, म्हणजे जुम्म्याच्या प्रवचनात, हाच विषय काढला. ते म्हणाले, "नमाज-रोजाचं ज्ञान ज्याचं त्याने मिळवायचं. तिथे दुसऱ्याचं शिकणं आपल्या कामी येत नाही. पण काही ज्ञान असं असतं की थोड्यांनी शिकलं तरी सगळ्यांच्या मानेवरचं ओझं उतरतं. आणि कोणीच शिकलं नाही, तर जाब सगळ्यांना द्यावा लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

दुसऱ्याच दिवशी दुपारी फुफीने बायकांना खोलीत बोलावलं. बऱ्याच जणी आल्या. फुफीची सूनही आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. हुशार पोर, पण लहानपणी आईचं मयत पाहिल्यापासून या खोलीचा तिने धसका घेतला होता. फुफी सरळ माझ्यावर आडवी झाली.

"हं, आता मला घाला अंघोळ. पण गुदगुल्या कराल तर उठून बसेन हं!"

सगळ्या खळखळून हसल्या. मग हसू ओसरलं. कोणी पुढे होईना. सून दारापाशीच उभी होती. "अम्मी, उठा ना," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "असं नका झोपू. मला नाही बघवत." फुफी माझी कड धरून उठली आणि म्हणाली, "जा, चहा टाका."

त्यानंतर लोकांच्या मनात आलं, आपण काहीतरी करायला हवं. वर्गणी निघाली आणि पोलादी टेबल आलं. चकचकीत, पाणी जायला नळी असलेलं. मला भिंतीशी सरकवलं. माझ्यावर बादल्या आणि रंगाचे डबे आले. टेबलाचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की टेबल आलं आणि लोकांना वाटलं, आपलं काम झालं.

आणि एका सकाळी भट्टीजवळ बसल्या बसल्या फुफी गेली.

तिला खोलीत आणून नव्या टेबलावर निजवलं. बायका भोवती उभ्या राहिल्या. पाणी तापलं, निवलं, पुन्हा तापवलं.

"कापूर आधी की शेवटी गं?"

"मागच्या वेळी तू होतीस ना?"

"मी तोंड फिरवून उभी होते."

इमामसाहेब दाराबाहेरून एकेक पायरी सांगू लागले. ऐकू सगळ्यांना येत होतं, पण हात कोणाचा उचलत नव्हता. फुफीचा मुलगा बाहेरून विचारी, "झालं का?" जिने सगळ्यांच्या लेकीसुनांना धुतलं, ती तशीच पडून होती.

शेवटी दुसऱ्या गावाहून एक बाई बोलावली. ती पोचेपर्यंत खिडकीतलं ऊन पार उतरलं होतं. बाई जाणकार होती. ती सगळं रीतसर करत होती. पण ती फुफीला ओळखत नव्हती. तिने फुफीचा डावा हात वर उचलला, तशी सून ओरडली, "हळू! तो खांदा दुखतो त्यांचा!"

पाहुणीने सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग तू धर, बाळ."

सून पुढे आली. तिने हात धरला. पाहुणी सांगत गेली, ती करत गेली. तिच्या डोळ्यांतलं पाणी फुफीच्या खांद्यावर पडत होतं, ते अंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जात होतं.

त्यानंतर सून दर सुट्टीला बसने त्या बाईच्या गावी गेली आणि सगळं शिकली. आता या खोलीत तीच असते. तिचा हात चुकत नाही. पण परवा एक तान्ह्या लेकराची आई गेली. तिची मूठ घट्ट आवळलेली होती, काही केल्या उघडेना. सून बराच वेळ ती मूठ हातात घेऊन बसली. मग स्वतःशीच म्हणाली, "अम्मी अशा वेळी काय करायच्या? विचारायचं राहूनच गेलं."

मित्रांनो, मला ठाऊक होतं. मी कितीदा पाहिलं होतं. पण मला जीभ नाही.

तुमच्या घरात, शेजारात, मशिदीत ज्यांना हे काम येतं त्यांना जीभ आहे, आणि ती आज बोलते आहे. त्यांच्यापाशी जाऊन बसा. भीती वाटली तरी बसा. तोंड फिरवू नका.