पाच कवठांचा झोका

प्रतीक्षाला बंगळूरला संशोधनासाठी जागा मिळाली होती, आणि होकार कळवायला आजचा एकच दिवस उरला होता. वडील केव्हाच हो म्हणाले होते. अडून बसली होती ती आई. अकोल्याच्या बाजारात फुलांचं दुकान चालवणाऱ्या वच्छलाबाईंची अट साधी होती. "पाच वर्सं तू काय करशीन, ते मले समजाव. समजलं तं जाय."

अमरावतीहून एम.एस्सी. करून आलेल्या प्रतीक्षाने तीन दिवस अणू, लहरी, ऊर्जा असं सगळं सांगून पाहिलं. आई हार गुंफता गुंफता ऐकायची आणि शेवटी नकारार्थी मान हलवायची. आज दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं, तशी प्रतीक्षाने हार टांगायची दोरी रिकामी केली आणि तिला सारख्या लांबीच्या सुतळ्यांनी सारख्या आकाराची पाच कवठं ओळीने लटकवली.

पहिल्या कवठाला तिने हळूच झोका दिला. थोड्या वेळात ते मंदावलं अन् शेजारचं हलू लागलं, मग त्याच्या पलीकडचं. झोका वाटला जातो, हे आईला पटलं. आता मोठा झोका दिला की तो जागीच राहतो, असं सांगून प्रतीक्षाने कवठ पार वर नेऊन सोडलं. बघता बघता पाचही कवठं नाचायला लागली.

शेजारी भाजी विकणारा देवीदास, ज्याची ही कवठं होती, म्हणाला, "नाचच पाह्याचा तं बंगळूर काहून? इथंच बस." प्रतीक्षाचा चेहरा उतरला.

वच्छलाबाई मात्र उठल्या. "दोरी ढिली हाय, पोरी. एक हार ओढला का सारे हालतेत. रोज सकाळी ताणून बांधा लागते, उगाच नाही."

त्यांनी दोरी करकचून ताणली. प्रतीक्षाने पुन्हा कवठ वरून सोडलं. ते एकटंच झुलत राहिलं. शेजारचं जरा थरथरलं, बस. हलका झोका दिला तर तो मात्र, सावकाश का होईना, पुढे सरकत गेला.

"काहून?" वच्छलाबाईंनी विचारलं. तीन दिवसांतला त्यांचा हा पहिलाच प्रश्न.

मोठ्या झोक्याला जाऊन यायला जास्त वेळ लागतो, प्रतीक्षा सांगू लागली. शेजाऱ्यांशी ताल जुळत नाही, म्हणून त्याला आपलं हलणं त्यांना देताच येत नाही. अतिशय थंड केलेल्या अणूंच्या रांगेतही ऊर्जा अशीच एका जागी अडकते. पण तिथे एक गंमत आहे. तो झोका कधीतरी उठून शेजारच्या जागी जातो, तोही न वाटला जाता.

"अख्खा? थोडा-थोडा नाही?"

"अख्खाच."

"मंग एका जागी किती येळ थांबते तो?"

"ते अजून प्रत्येक वेळी नीट सांगता येत नाही. तेच शोधायचं हाय, आई."

वच्छलाबाईंनी झुलणारं कवठ हाताने थांबवलं, आणि लगेच स्वतःच पार वर नेऊन सोडलं. त्याच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "कळव त्यायले. अन् सापडलं का पयले मले सांगजो."